सोलापूरची थंडी, रॉड, हीटर, शेगडी: नवीन आलेल्यांनी घरात आग लागू नये म्हणून काय काय करायचं

हे मी मुख्य करून त्यांच्यासाठी लिहितेय जे सोलापुरात नवीन आलेत, नोकरीसाठी, शिक्षणासाठी, लग्न होऊन, किंवा आत्तापर्यंत आईवडिलांच्या घरात होते आणि पहिल्यांदाच स्वतःची भाड्याची खोली घेतलीय. आमच्या वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं देतो, जून-जुलैत नवीन माणसं येतात आणि डिसेंबर लागला की प्रश्न ठरलेला, ताई गरम पाण्याचं काय करायचं, रात्री गारठा लई वाजतोय, हीटर लावला तर चालेल काय. दर वर्षी मी जिन्यात उभी राहून तेच तेच सांगते, म्हणून या वर्षी म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

सोलापूर म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो आणि ते खरंच आहे, आपली थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीचे सहा-आठ आठवडे, पहाटे पारा बारा-पंधराच्या आसपास, एखाद्या आठवड्यात त्याच्याही खाली, आणि दुपारी परत ऊन. त्यामुळं आपल्याकडं कुणी थंडीचा विचार करून घर बांधत नाही की वायरिंग करत नाही. वायरिंग असतं पंखा, ट्यूब, टीव्ही आणि फार तर कूलरसाठी. आणि रॉड, हीटर, शेगडी हे सगळं दहा महिने माळ्यावर पडून असतं, एक दिवस अचानक गारठा वाढला की धूळ झटकून तसंच चालू केलं जातं. बहुतेक भानगडी त्या पहिल्या आठवड्यातच होतात असं माझं तरी निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे कापसाचं गाव आहे. आपल्या घरात चादरी, टॉवेल, वाकळा यांची कमी नाही, आणि पूर्व भागात तर कित्येक घरांत पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. मी तशाच घरात वाढले, वडिलांचे चार माग होते. ट्यूबलाइटवर, वायरीवर, बोर्डाच्या फटीत सगळीकडं सुताची बारीक लव बसलेली असायची, आणि वडील दर रविवारी मेन बंद करून कोरड्या ब्रशनं ती काढायचे. तेव्हा वाटायचं काय हे रोजचं. पण त्या लवेवर एक ठिणगी पडली की ती पळत जाते, डोळ्यांदेखत. 2025 च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली, आत राहणारी आठ माणसं गेली, लहान लेकरू पण होतं त्यात. ती आग थंडीतली नव्हती आणि हीटरची तर नव्हतीच, पण टॉवेल आणि सूत पेटल्यावर काय होतं, धूर किती लवकर भरतो, आतला माणूस कसा अडकतो हे अख्ख्या सोलापूरनं बघितलं. तेव्हापासून मी कुणाला खोली दाखवताना आधी बोर्ड दाखवते आणि मग नळ.

तर आता एकेक करून.

पहिलं काम: बोर्ड बघा, लोड समजून घ्या

रॉड किंवा हीटर विकत घ्यायच्या आधी हे करा. खोलीत दोन प्रकारचे सॉकेट असतात, एक लहान भोकांचं ज्यात आपण मोबाइल, टीव्ही, कूलर लावतो, ते सहा अँपिअरचं, आणि एक मोठ्या भोकांचं, त्याला वायरमन लोक पॉवर पॉइंट म्हणतात, ते पंधरा-सोळा अँपिअरचं. गरम करणारी कुठलीही वस्तू मोठ्याच सॉकेटमध्ये लावायची, विषय संपला.

कारण सांगते. कूलर साधारण दोनशे वॅटच्या आतबाहेर असतो. रॉड असतो हजार, दीड हजार नाहीतर दोन हजार वॅटचा, रूम हीटर पण दोन हजारपर्यंत जातो. म्हणजे एक हीटर लावला तर दहा कूलर एकाच सॉकेटला लावल्यासारखं झालं. दीड हजारला साडेसहा अँपिअर लागतात, दोन हजारला जवळपास पावणेनऊ, आणि तुमचं लहान सॉकेट सहाचं आहे. आता लोक काय म्हणतात, अहो ताई उन्हाळाभर याच पॉइंटवर कूलर चालला की, काही झालं नाही. कूलर चालला म्हणून हीटर चालेल असं नसतंय ओ. चालू तर होईल, पहिले दहा मिनिटं काहीच कळणार नाही, पण आतली वायर आणि पितळेची पट्टी तापत राहते, आणि ते भिंतीच्या आत चाललेलं असतं म्हणून दिसत नाही.

मोठी पिन लहान सॉकेटात बसवायला एक कन्व्हर्टर मिळतो बाजारात, स्वस्तातला. तो रॉडसाठी, हीटरसाठी अजिबात वापरू नका. एक्स्टेंशन बोर्डाचं पण तेच, बहुतेक एक्स्टेंशन मोबाइल-लॅपटॉपपुरते असतात, वायर बारीक असते, आणि वर लोक ती वायर गोल गुंडाळून गादीखाली सारतात. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर जात नाही, गादीखाली तर नाहीच नाही.

बोर्ड कसा बघायचा ते सांगते, याला काही शिक्षण लागत नाही. दिवसा उजेडात सॉकेटची भोकं बघा. कडेला तपकिरी, भाजल्यासारखी कड दिसते का? पांढरं प्लास्टिक पिवळं पडून फुगलंय का? पिन घातली की सैल लोंबतेय का? स्विच दाबताना आत चर्र असा आवाज येतो का? यातलं एक जरी असलं तरी तो पॉइंट वापरायचा नाही, घरमालकाला सांगून वायरमन बोलवायचा. मग रॉड दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करा, पिन काढा आणि पिनेला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात मागं घ्यावासा वाटला तर आत सांधा सैल आहे, आणि सैल सांधाच आग लावतो.

आणि वास. हे लक्षात ठेवा, जळणारं सॉकेट नेहमी जळक्या रबरासारखं वास मारत नाही. कधीकधी मासळीसारखा वास येतो, सुकटासारखा. आमच्या शेजारच्या अक्का दोन दिवस म्हणत होत्या की कुणीतरी सुकट भाजतंय, आणि ते निघालं त्यांच्याच न्हाणीच्या बाहेरचं सॉकेट. घरात मासळी नाही आणि तसा वास येतोय, तर मेन बंद करा आणि शोधा.

वायरमन आला की त्याला चार गोष्टी विचारा. पॉवर पॉइंटला वायर किती जाडीची आहे (अडीच स्क्वेअर एमएम तरी पाहिजे, गीझर असेल तर चारची बरी). त्यावर एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, किती अँपिअरची आहे. अर्थिंग खरोखर आहे की सॉकेटाचं तिसरं भोक नुसतं रिकामं आहे, कारण जुन्या घरात हे फार असतं. आणि चौथं, तीस मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवलीय का, ती असली तर शॉक बसताक्षणी लाइन तुटते. एमसीबी सारखी पडत असेल तर तिच्या जागी मोठी टाका असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ती पडते कारण वायरीला तेवढं झेपत नाही, मोठी टाकली की एमसीबी पडायची थांबेल आणि वायर जळेल. जुन्या वाड्यात अजून फ्यूज असतात, तिथं फ्यूजला जाड तार गुंडाळून ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिलीय, तोही तोच प्रकार.

दुसरं: पाण्याचा रॉड

नवीन माणूस सगळ्यात आधी हाच घेतो, कारण स्वस्त आहे. म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

माझ्या माहेरची गोष्ट. जानेवारी महिना, नळाला पाणी आलं होतं पहाटे पाचला. सोलापुरात नवीन असाल तर एव्हाना कळलंच असेल की आपल्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ते आलं की घरातलं प्रत्येक माणूस उठून बॅरल, घागरी, टाकी भरायला लागतं. आईनं रॉड लावला होता प्लास्टिकच्या बादलीत, न्हाणीच्या कोपऱ्यात. मध्येच लाइट गेली. तोवर पाणी अर्धवट कोमट झालं होतं, भावाला कामावर जायची घाई, त्यानं तेवढंच पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घेतलं, रॉड परत रिकाम्या बादलीला अडकवला आणि आंघोळ करून गेला. स्विच चालूच. आम्ही सगळे बाहेर पाण्याच्या गडबडीत. तास-दीड तासानं लाइट आली, मोटार सुरू झाली म्हणून आम्हाला आनंद. आत कोरडा रॉड लालबुंद झाला, बादली वितळून एका बाजूला वाकली, रॉड खाली घसरून लाकडी पाटावर पडला, आणि वर खिळ्याला टॉवेल होता त्याचं लोंबणारं टोक खाली आलेलं. दाराच्या फटीतून काळा धूर आला तेव्हा कळलं. वडिलांनी आधी मेन पाडला, मग दार उघडलं, म्हणून निभावलं. पाट अर्धा जळला, भिंतीवर हातभर काळा पट्टा अजून आहे, दोनदा रंग दिला तरी वर येतो.

यातली प्रत्येक चूक रोज कुठल्या ना कुठल्या घरात होते, म्हणून नियम असे:

लाइट गेली की रॉडचा स्विच बंद आणि पिन बाहेर, त्याच क्षणी, अंधारात चाचपडत का होईना. रॉड चालू असताना घराबाहेर जायचं नाही, गच्चीवर नाही, पाणी भरायला नाही, झोपायला तर नाहीच. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा अलार्म लावा आणि तो वाजेपर्यंत दुसरं काम धरू नका.

क्रम पाठ करा: आधी बादलीत पाणी, मग रॉड, मग पिन, शेवटी स्विच. काढताना उलटा, स्विच, पिन, मग दोन मिनिटं थांबून रॉड, मग पाणी. रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते, पाणी तिच्या वर पाहिजे. पाणी तापलं का बघायला चालू रॉड असताना बोट घालायचं नाही, हे आगीचं नाही शॉकचं आहे पण जीव त्यातही जातो. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको, शॉकसाठी ती जास्त वाईट. प्लास्टिकचीच घ्यायची पण जाड, आणि रॉड तिच्या कडेला किंवा तळाला टेकता कामा नये, मध्ये लोंबला पाहिजे. त्यासाठी बादलीवर आडवी लाकडी पट्टी ठेवून तिला रॉड अडकवला तर बरं पडतं. बादली फरशीवर, आसपास हातभर अंतरात टॉवेल, पायपुसणं, कपड्यांचा ढीग काही नको. आणि रॉड न्हाणीच्या आत ओल्यात लावण्यापेक्षा बाहेर कोरड्या जागेत लावा, पोरंबाळं असतील तर दार लावून घेता येईल अशा ठिकाणी.

घेताना आयएसआय मार्क बघून घ्या, वायर जाड आणि तीन पिनांची. रस्त्यावर दोन पिनांचा मिळतो तो घेऊ नका, शे-दोनशे रुपये वाचतात तेवढेच.

तिसरं: गीझर

इलेक्ट्रिक गीझर असेल तर त्याला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी, आणि वर्षातून एकदा थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्या. एवढं पुरे.

गॅस गीझर मात्र वेगळा. तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि थंडी वाजते म्हणून तुम्ही खिडकी बंद करून आंघोळ करत असाल, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, माणूस आतल्या आत कोसळतो आणि दाराला कडी असते. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत पाहिजे. भाड्याच्या घरात तो आत असेल तर मालकाशी बोला, आणि तो हलवेपर्यंत बाहेरच बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग आत जाऊन आंघोळ करा. घरात वयस्कर असतील तर त्यांना आंघोळीला गेल्यावर दोन-तीनदा हाक मारत जा.

गॅसची नळी पण याच महिन्यात बघून टाका. नारिंगी सुरक्षा नळी साधारण पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावर छापलेली असते. खोली गरम करायला गॅसची शेगडी पेटवून ठेवायची ही सवय काही जणांना असते, ती सोडा.

चौथं: रूम हीटर

खरं सांगू, सोलापूरच्या थंडीला धडधाकट माणसाला रूम हीटर लागत नाही. खिडकीच्या फटी बंद करा, अंगात स्वेटर, पायात मोजे, खाली सतरंजी आणि वर आपली सोलापुरी चादर दुहेरी करून घ्या. पण घरात लहान बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, दम्याचं कुणी असेल तर लागतो, आणि तेव्हा घ्यावा.

तीन प्रकार मिळतात. लाल सळईचा, तो सगळ्यात स्वस्त आणि आगीच्या बाबतीत सगळ्यात वाईट, कारण सळई उघडी असते. पंख्याचा ब्लोअर, तो लवकर गरम करतो पण आपल्याकडच्या धुळीनं आणि सुताच्या लवेनं त्याची मागची जाळी चोंदते, मग आतली कॉइल अति तापते. आणि तेलाचा, रेडिएटरसारखा दिसतो, महाग आहे, हळू गरम होतो, पण त्यात उघडी सळई नाही. बाळाच्या किंवा म्हाताऱ्यांच्या खोलीसाठी मी तेलाचाच घ्या म्हणेन, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. कुठलाही घ्या, आडवा पडला की आपोआप बंद होणारा आहे ना एवढं दुकानात पाडून बघा, दुकानदार काही म्हणाला तरी.

ठेवायचा कुठं, तर चारी बाजूंनी तीन फूट मोकळी जागा. पलंगावरून लोंबणारी चादर, मच्छरदाणी, पडदा, कपाटाचं उघडं दार, देवघराची झालर, यातलं काही तीन फुटांच्या आत नको. चालायच्या वाटेत नको. स्टुलावर नको, फरशीवरच. त्याच्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, आणि टॉवेल तर मुळीच नाही. टेरी टॉवेलला ते बारीक फासे असतात ना, त्यात हवा असते, त्यामुळं जाळ पृष्ठभागावरून सरसर पळतो, साध्या चादरीपेक्षा कितीतरी लवकर.

झोपायच्या अर्धा तास आधी लावायचा, खोली गरम करून घ्यायची आणि झोपताना बंद. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेच्या दिवसांत घरात पाहुणे असतात, एका खोलीत दहा-बारा जणांची अंथरुणं पडतात, शोभेचं दारूकाम बघून लोक रात्री उशिरा दमून येतात आणि कुणीतरी लाडानं म्हणतं राहू दे की हीटर, पोरं कुडकुडतायत. त्या रात्री तर नाहीच ठेवायचा. झोपेत कोण कुठं लोळेल, कुणाची चादर कुठं सरकेल सांगता येत नाही.

पाचवं: बाळंतिणीची शेगडी

हा विषय नाजूक आहे, कारण यात सासूबाईंचा, आजीचा जीव गुंतलेला असतो आणि त्या वाईटासाठी करत नाहीत. आपल्याकडं अजून कित्येक घरांत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देतात, वर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग टाकून धुरी देतात. माझ्या पहिल्या बाळंतपणात मलाही दिलीय. बाजेवर जुन्या लुगड्याची वाकळ होती आणि तिचा एक कोपरा सुतळीच्या विणीतून खाली लोंबत होता, निखाऱ्यापासून वीतभर. मला बाळाकडं बघण्यात भान नव्हतं. माझ्या मावशीनं आत येता येता तो कोपरा वर ओढला, कडेला हात लावला आणि म्हणाली, हे गरम लागायलंय गं. एवढंच. पण नंतर किती तरी रात्री मला तो कोपरा आठवायचा.

दोन धोके आहेत. एक म्हणजे कापड पेटणं. दुसरा तोच, कार्बन मोनॉक्साइड. कोळसा लालभडक झाला, धूर थांबला म्हणजे आता सुरक्षित असं सगळ्यांना वाटतं, पण हा वायू धुराबरोबर जात नाही, निखाऱ्यातून निघतच राहतो. आणि बाळाला वारं लागू नये म्हणून खोलीचं दार, खिडकी, झरोके सगळं बंद केलेलं असतं. तान्ह्या बाळाला तर हे फार लवकर बाधतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, बंद खोलीत शेगडी नको. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या, टॉवेलात गुंडाळून. बाळाला ऊब द्यायची तर आईच्या अंगाशी घ्या, उघड्या छातीशी आणि वरून पांघरूण, डॉक्टर पण हेच सांगतात. घरची मोठी माणसं ऐकतच नसतील तर वाद घालत बसू नका, निदान एवढं तरी करून घ्या: कोळसा अंगणात पेटवून पूर्ण फुलू द्यायचा, शेगडी लोखंडी घमेल्यात आणि घमेलं विटांवर, एक खिडकी आणि दार उघडं, बाजेवरचं प्रत्येक कापड वर खोचलेलं, एक जागं माणूस सतत तिथं बसलेलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत शेगडी खोलीबाहेर. शेगडी आत आणि सगळे झोपलेत असं एक मिनिट पण नको. आणि खोलीत कुणाला डोकेदुखी, चक्कर, उलटीसारखं झालं तर पित्त म्हणून सोडून देऊ नका, सगळ्यांना उघड्यावर न्या आणि 108 ला फोन करा.

सहावं: बंब, शेकोटी आणि राख

तांब्याचा बंब अजून ज्यांच्याकडं आहे त्यांनी तो जपून वापरावा, पाणी मस्त तापतं. अंगणातच पेटवायचा, वर पत्र्याला प्लास्टिकचा कागद बांधलेला नसावा. पेटवायला मागाच्या सुताच्या चिंध्या वापरतात, त्यात पॉलिस्टर असलं तर ते वितळून जळत जळत गळतं आणि चिकटतं, म्हणून नकोच, नारळाची करवंटी, किशी बरी. विझत आलेल्या बंबात किंवा शेकोटीत रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर काही ओतायचं नाही, जाळ उलट बाटलीकडं येतो.

शेकोटी घराच्या भिंतीपासून, गाड्यांपासून, आणि कडेच्या वस्तीत राहात असाल तर कडब्याच्या गंजीपासून लांब. हुरड्याला शेतात गेलात तर आगटी पूर्ण विझवल्याशिवाय निघू नका, माती टाकून नाही, पाणी ओतून आणि काठीनं ढवळून. वरून राख थंड दिसते आणि आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. म्हणून बंबाची राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा घंटागाडीच्या कचऱ्यात गरम असताना टाकायची नाही. जुना पत्र्याचा डबा ठेवा, त्यात भरा, पाणी शिंपडा, एक दिवस अंगणात राहू द्या, मग टाका.

बारीकसारीक अजून थोडं आहे ते पटकन सांगते. चार्जिंगची गरम पिशवी चार्जिंगला लावून अंगावर घेऊ नका, चार्ज झाली की वायर काढून मगच पांघरुणात, आणि फुगलेली दिसली तर फेकून द्या. इलेक्ट्रिक ब्लँकेट घडी घालून चालू ठेवू नका. मच्छर अगरबत्ती स्टीलच्या ताटलीत, अंथरुणापासून लांब, कारण वाकळीत पडलेली ठिणगी पेटत नाही, ती धुमसते.

सातवं: झोपायच्या आधीची फेरी

पाच मिनिटं लागतात. हीटरची पिन बाहेर, रॉडची पिन बाहेर, गॅसचा रेग्युलेटर बंद, देवघरातला दिवा शांत, शेगडी बाहेर. आणि मग किल्ली. आपल्याकडं चोरीच्या भीतीनं खाली लोखंडी ग्रिलला आतून कुलूप असतं आणि किल्ली असते घरातल्या एकाच माणसाच्या उशाखाली. धूर भरलेल्या अंधारात ती सापडत नाही. किल्ली दाराजवळ एका ठरलेल्या खिळ्याला, हात घातला की मिळेल अशी, आणि घरातल्या लहान पोरालाही माहीत असलेली. खिडकीतून बाहेरच्याचा हात पोचणार नाही एवढं बघा म्हणजे झालं. जिन्याखाली दुचाकी लावल्या असतील तर जायची वाट तरी मोकळी ठेवा, इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर जिन्यात चार्जिंगला नको.

म्हातारी माणसं आणि लेकरं दाराच्या जवळच्या खोलीत झोपवा.

आठवं: आणि लागलीच तर

आधी ओरडा, सगळ्यांना उठवा. मग मेन बंद. विजेच्या वस्तूवर लाइन चालू असताना पाणी मारायचं नाही, घरात बॅरल भरून पाणी असतं म्हणून हात आपोआप तिकडं जातो, पण आधी मेन. मेन पडल्यावर कापडाला, लाकडाला पाणी चालतं. तेल पेटलं असेल तर पाणी कधीच नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवा.

आग बादलीएवढी असेल आणि तुमच्या पाठीमागं दार असेल तरच विझवायला थांबा. घरात आग विझवायचा एक-दोन किलोचा एबीसी पावडरचा सिलेंडर असला तर सोनं, काटा हिरव्यात आहे ना महिन्याला बघायचं, वापरताना पिन ओढा, नळी जाळाच्या बुडाकडं धरा, दाबा आणि डावी-उजवीकडं फिरवा. जाळाच्या शेंड्यावर मारून उपयोग नाही. तो काही सेकंदांतच संपतो, तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पडा आणि येता येता दार ओढून घ्या.

धूर असेल तर वाकून, रांगत जा, खालची हवा बरी असते. जीव धुरानं आधी जातो, जाळ नंतर पोचतो. दागिने, कागदपत्रं, मोबाइल यांच्यासाठी आत परत जायचं नाही.

फोन 101 अग्निशमन, नाहीतर 112. बोलताना घाबरून नुसतं लवकर या लवकर या नका म्हणू. पेठ किंवा नगर, जवळची ठळक खूण, कितवा मजला, आत कुणी अडकलंय का, आणि गल्ली अरुंद असेल तर गाडी कुठून येईल ते सांगा, आणि एक माणूस चौकात उभा करा. जुन्या पेठांतल्या बोळात अग्निशमनची गाडी वळत नाही, आत उभ्या केलेल्या गाड्या शेजाऱ्यांना काढायला लावा. गॅस गळतोय तर 1906, विजेच्या खांबाचं काही असेल तर 1912. हे चार आकडे मीटरच्या पेटीवर जाड पेननं लिहून ठेवा, त्या वेळी काही आठवत नाही.

अंगावरचे कपडे पेटले तर पळायचं नाही, जमिनीवर पडून लोळायचं, दुसऱ्यानं जाड सुती चादर नाहीतर घोंगडं टाकून दाबायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, नळ नसेल तर तांब्यानं धार धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. मग 108.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. वाकळ, गादी, उशी, कापसाची कुठलीही वस्तू पेटून विझली तर ती विझलेली नसते. आत कापूस तासन्‌तास धुमसत राहतो आणि मध्यरात्री परत जाळ धरतो. वरून तांब्याभर पाणी टाकून घरात ठेवायची नाही. ती ओढत अंगणात न्या, फाडून आतला कापूस मोकळा करा, भिजवून चिंब करा आणि ती रात्र बाहेरच राहू द्या.

शेवटचं: फेब्रुवारीत गुंडाळून ठेवताना

महाशिवरात्रीच्या सुमारास थंडी जाते. तेव्हा रॉड तसाच माळ्यावर फेकू नका. बोअरचं पाणी वापरत असाल तर त्याच्यावर पांढरा क्षाराचा थर चढलेला असतो, त्या थरामुळं उष्णता पाण्यात जात नाही, रॉड आतून जास्त तापतो आणि नळीला बारीक चीर जाते. व्हिनेगरच्या पाण्यात नाहीतर लिंबाच्या रसात रॉडचा नुसता खालचा भाग रात्रभर बुडवा, अर्थातच पिन न लावता, सकाळी जुन्या ब्रशनं घासा, धुवा, उन्हात वाळवा. नळीवर चीर, फोड, गंज दिसला तर तिथंच मोडून टाका म्हणजे पुढच्या वर्षी कुणी काढून लावणार नाही. हीटरच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढा. वायरी सैल गुंडाळा, घट्ट पिळून नको, आणि उंदीर लागणार नाहीत अशा पत्र्याच्या डब्यात ठेवा. डब्यावर कागद चिकटवून लिहा काय बदलायचंय ते, पिन सैल आहे, वायर कडक झालीय, काय असेल ते. डिसेंबरात डबा उघडताना तो कागद आधी हाताला लागला पाहिजे.